उलटा केरवा: किंग्स्टनमधले पाच दिवस

रविवार: सामान टाकलं आणि निघालो

ही सहल माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यातली. तो गेली बारा वर्षं टोरंटोत आहे, आणि त्याच्या गल्लीत निम्मी घरं जमैकन. उन्हाळ्यात अंगणात कोळसे पेटले की भिंतीपलीकडून बेस यायला लागतो. लहानपणी ठाण्यात सहा वर्षं तबला शिकलेला माणूस, त्यामुळे कानावर पडेल ते मांडीवर वाजवून बघायची खोड आहे. रेगेचा, म्हणजे त्या जमैकन संगीताचा, ठेका मात्र त्याच्या हाताला लागेना. "ताई, यात काहीतरी चकवा आहे," एवढंच फोनवर सांगायचा. मी त्याच्याकडे गेले होते आणि फेब्रुवारीत टोरंटोत बर्फ. जमैकाच्या राजधानीला, किंग्स्टनला, चार-सव्वाचार तासांचं थेट विमान होतं. निघालो.

फेब्रुवारी निवडण्याचं आणखी एक कारण होतं. २००८ पासून जमैकात हा महिना 'रेगे मंथ' म्हणून पाळतात. रेगेच्या दोन मोठ्या गायकांपैकी एक तारखेला डेनिस ब्राऊनचा वाढदिवस, सहाला बॉब मार्लीचा.

किंग्स्टनचा विमानतळ समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. पट्टीच्या टोकाला पोर्ट रॉयल, १६९२च्या भूकंपात ज्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला ते गाव. दमट हवा, नारळ, डाव्या बाजूने चालणारी वाहनं आणि सतत वाजणारे हॉर्न. टोरंटोपेक्षा मला इथेच जास्त घरी आल्यासारखं वाटलं.

"आज रविवार आहे, झोपायचं नाही," भावाने बजावलं. रविवारी रात्री जॅक्स हिलवर, स्कायलाइन ड्राइव्हला 'किंग्स्टन डब क्लब' असतो. डोंगराच्या कडेवरचं अंगण, खाली अख्खं शहर दिव्यांचं, आणि अंगणात माणसाहून उंच स्पीकरच्या भिंती. भिंती पाहून माझ्या पोटात गोळा आला. गणपतीतला डीजे आमच्या खिडकीखालून जातो तेव्हा शोकेसच्या काचा वाजतात. इथे उलटं झालं. बेस छातीत येऊन बसत होता, पण कान शाबूत होते. स्पीकरसमोर उभं राहून शेजारच्या माणसाशी बोलता येत होतं.

इथे गाणं लावणारा तो सिलेक्टर, आणि माइकवर बोलणारा तो डीजे. आपल्याकडे या शब्दांचा पार घोळ आहे. लोकांना रेकॉर्ड आवडली की ते आरडाओरडा करतात, हॉर्न वाजवतात, आणि सिलेक्टर ती अर्ध्यात थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. एका गाण्याला तीनदा थांबवलं. संगीत नाटकातला 'वन्स मोअर' कॅरिबियन बेटावर जिवंत बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिथेच, हातात भोपळ्याच्या सूपची वाटी धरून, भावाला चकवा सापडला.

"ताई, मोज. धा गे ना ती, ना के धी ना."

मी मोजलं. ड्रमवाल्याचा सगळा जोर, म्हणजे पायाचा खालचा ठोका आणि काठीचा वरचा, दोन्ही एकदम पाचव्या मात्रेवर पडत होते. आपल्या केरव्यात जिथे 'खाली', म्हणजे बिनजोराची मात्रा, असते, तिथे. आणि पहिल्या मात्रेवर, समेवर, काहीच नाही. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला गिटारचं कोरडं 'चक'. चाल बेस सांभाळतो.

"उलटा केरवा आहे हा! सम मोकळी सोडलीय!" तो इतक्या जोरात ओरडला की पुढच्या माणसाने वळून मूठ पुढे केली. मुठीला मूठ लावायची, हा इथला नमस्कार.

या ठेक्याला ते 'वन ड्रॉप' म्हणतात. मार्लीच्या वाद्यवृंदातल्या कार्लटन बॅरेटने तो जगभर पोचवला, आणि बेसवर त्याचाच भाऊ ॲस्टन.

(शाकाहारी मंडळींसाठी: 'आयटल' हा शब्द पाठ करा. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या लोकांचं सात्त्विक जेवण. मांस नाही, कट्टर लोकांकडे मीठसुद्धा नाही. नारळाच्या दुधातली कडधान्यं, भोपळा, कॅललू नावाची माठासारखी पालेभाजी. मी पाच दिवस त्यावर मजेत काढले. मीठ मात्र पर्समध्ये ठेवलं होतं.)

सोमवार: 'सून कम'

आजचा बेत नाईन माईलचा होता. मार्लीचा जन्म आणि समाधी, दोन्ही त्या डोंगरातल्या गावात. गाडी सकाळी सात वाजता येणार होती. साडेसातला फोन केला. "सून कम." साडेआठला केला. "सून कम." दहाला आमच्या गेस्टहाऊसच्या मालकीणबाई कॉफीचा दुसरा कप देत म्हणाल्या, "सून कम म्हणजे येणार आहे. कधी ते म्हणालाय का?" आपल्याकडचं 'पाच मिनिटांत आलोच' बरं, त्यात निदान आकडा तरी असतो. नाईन माईल राहिलं ते राहिलंच. त्याचं आता काही वाटत नाही, कारण त्यामुळे ऑरेंज स्ट्रीटला अख्खा दिवस मिळाला.

लाल नंबरप्लेटच्या रूट टॅक्सीत बसून परेडला, म्हणजे डाउनटाऊनच्या मोठ्या चौकाला, उतरलो. शेअर रिक्षासारखीच पद्धत, मागे चौघं, मांडीवर पिशव्या. परेडच्या उत्तरेला, १७ नॉर्थ परेडवर, 'रँडीज' हे दुकान आणि वर स्टुडिओ होता. चिन दांपत्याचा. हे कुटुंब पुढे न्यूयॉर्कला गेलं आणि १९७९ मध्ये तिथे व्हीपी रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली.

ऑरेंज स्ट्रीटला एके काळी 'बीट स्ट्रीट' म्हणत. ओळीने रेकॉर्डची दुकानं, प्रत्येकाच्या दारात स्पीकर. आज पत्रे गंजलेत, बऱ्याच दारांना कुलपं आहेत. पण १३५ नंबरचं 'रॉकर्स इंटरनॅशनल' उघडं होतं. हे ऑगस्टस पाब्लोने सुरू केलेलं दुकान. पाब्लो म्हणजे मेलोडिका वाजवणारा. तोंडाने फुंकायची छोटी पेटी समजा, शाळेतल्या पोरांना शिकवायला असते ती. त्या खेळण्यातून त्याने जे सूर काढले ते ऐकायचे तर १९७६ची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाऊन' ही रेकॉर्ड गाठा.

आत भिंतीभर सात इंची रेकॉर्ड. काउंटरमागे पांढऱ्या जटांचे एक आजोबा.

"येस, एम्प्रेस?"

एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञी. रास्ताफारी पुरुष बाईला अशीच हाक मारतात. ठाण्यात रिक्षावाला 'ओ काकू, सरका' म्हणतो, त्यामुळे मला सावरायला जरा वेळ लागला.

मी सांगितलं, जुनं काहीतरी द्या, मला कळत नाही. त्यांनी एकामागून एक रेकॉर्ड लावायला सुरुवात केली. प्रत्येकीचे वीस सेकंद. माझा चेहरा बघायचे, सुई उचलायचे, पुढची. साडीच्या दुकानात गादीवरचा माणूस जसा आपण काही बोलायच्या आत पुढचा पदर उलगडतो, तसं. मध्येच ते इतिहासही सांगत होते, आणि तो सांगण्यासारखाच आहे.

पन्नासच्या दशकात इथल्या गरिबांना नाचायला बँड परवडत नव्हता. मग काही जणांनी मोठाले स्पीकर जोडून चौकात अमेरिकन रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली. हीच ती साऊंड सिस्टिम. ड्यूक रीड हा माजी पोलिस, आणि क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड, हे दोन मोठे प्रतिस्पर्धी. कुणाकडे नवी रेकॉर्ड आली की तो लेबल खरवडून टाकायचा. गायक कोण, गाणं कुठलं, हे दुसऱ्याला कळूच नये म्हणून! पुढे अमेरिकेत तसली गाणी निघायची कमी झाली तेव्हा हीच माणसं स्वतः गाणी रेकॉर्ड करायला लागली. १९६२ला देश स्वतंत्र झाला तेव्हा स्का हा संगीतप्रकार जोरात होता, उड्या मारत नाचायचा. १९६६च्या सुमाराला वेग उतरला, त्याला रॉकस्टेडी म्हणाले. १९६८मध्ये आणखी वळण लागलं आणि टूट्स अँड द मेटल्सच्या गाण्याच्या नावात 'रेगे' हा शब्द आला. सगळं मिळून दहा वर्षांच्या आत.

आजोबांनी एक रेकॉर्ड लावली, गाणं संपलं, त्यांनी ती उलटी केली. तोच ठेका, तोच बेस, पण गायक गायब.

"व्हर्जन," ते म्हणाले.

यामागची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. साठच्या दशकाच्या शेवटी स्पॅनिश टाऊनच्या रडी रेडवूड नावाच्या साऊंडवाल्यासाठी पॅरागन्स या गायकांच्या 'ऑन द बीच' गाण्याची प्रत कापताना गायकाचा आवाज घालायचाच राहिला. रडीने ती तशीच वाजवली. लोकांना गाणं तोंडपाठ, त्यांनीच मोकळ्या जागेत गायला सुरुवात केली. तेव्हापासून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिनआवाजाचं व्हर्जन द्यायची रीत पडली. त्या मोकळ्या जागेत माइक घेऊन बोलणारे आले, यू-रॉय त्यातला पहिला मोठा. पुढे किंग्स्टनमध्ये जन्मलेला एक मुलगा, कूल हर्क, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये असेच स्पीकर लावू लागला. १९७३च्या त्याच्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात.

मी ती रेकॉर्ड घेतली. लेबल कोरं पांढरं, छापील एक अक्षर नाही. "गायक कोण?" विचारलं तर आजोबा हसले. "घरी जाऊन ऐका."

(रेकॉर्ड घेताना: दुकानातच वाजवून बघा. जुन्या जमैकन छपाईत चरे असतात, भोक कधी कधी मध्यावर नसतं. आणि ते भोक मोठं असतं, जवळजवळ दीड इंचाचं. हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रोख पैसे न्या. अंधार पडायच्या आत डाउनटाऊनमधून निघा.)

दुपारी कोको ब्रेडमध्ये पॅटी. पाव उघडायचा, पॅटी आत घालायची, बंद करायचा. वडापावाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मंगळवार: नन, ट्रॉम्बोन आणि सरदेसाई

साऊथ कॅम्प रोडवर अल्फा ही जुनी संस्था आहे. १८८०मध्ये सुरू झालेली, पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी या नन्सनी चालवलेली. अनाथ आणि हाताबाहेर गेलेल्या मुलांना इथे सुतारकाम, शिवणकाम, छपाई शिकवत आणि बँडही. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी 'डिझी' मूर, लेस्टर स्टर्लिंग, हे चौघे अल्फाचे. १९६४मध्ये स्काटलाइट्स हा स्काचा बँड उभा राहिला ते याच पोरांच्या जोरावर. सिस्टर मेरी इग्नेशियस या ननबाई मुलांना रेकॉर्ड आणून ऐकवायच्या, स्वतः लावायच्या. २००३ला गेल्या.

आम्ही गेलो तेव्हा एका खोलीत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ट्रॉम्बोनवर एकच ओळ घोटत होता. पाचव्या सुराला दर वेळी घसरायचा. थांबायचा, नळीतली थुंकी जमिनीवर काढायचा, ओठ पुसायचा, पुन्हा पहिल्यापासून. मास्तर खिडकीत पाठ करून उभे, वळूनही बघेनात. अकराव्यांदा सूर लागला. मास्तर तरी वळले नाहीत, नुसतं बोट वर केलं: पुन्हा. भाऊ मला कोपराने ढोसत म्हणाला, "आपले गुरुजी!"

त्याच रस्त्यावर सबिना पार्क आहे, आणि इथे मी रेगे बाजूला ठेवलं. १९७१, पहिली कसोटी. भारत ५ बाद ७५. मडगावचा दिलीप सरदेसाई खेळतोय आणि जोडीला हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर. सरदेसाईने २१२ केल्या, सोलकरने ६१, आणि वाडेकरने सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलीय की फाटकाशी आम्ही दोघं उगाचच गप्प झालो. पहारेकरी म्हणाला, "गावस्कर?" मी म्हटलं, "त्या सामन्यात नव्हता, बोट दुखावलं होतं." त्याने मान हलवली आणि फाटक अर्धं उघडलं. हिरवळ, मागे ब्लू माउंटनचे डोंगर. पाच मिनिटं.

संध्याकाळी स्टुडिओ वन. डॉडने १९६३मध्ये १३ ब्रेंटफर्ड रोडला उघडला. जमैकाच्या संगीताचा अर्धा पाया इथे घातला गेला. वादकांनी इथे वाजवलेल्या बेसच्या ओळी, म्हणजे 'रिडिम', आजही नव्या गायकांना पुरतात. एकाच रिडिमवर शंभरांनी गाणी असतात आणि कुणी त्याला चोरी म्हणत नाही. आपल्याकडे एकाच बंदिशीच्या चालीवर वेगळी पदं बसतातच की. (वादकांना मोबदला किती मिळाला, हा प्रश्न इथे कुणालाही विचारा, अर्धा तास मोकळा ठेवून विचारा.) २००४मध्ये रस्त्याला 'स्टुडिओ वन बुलेव्हार्ड' नाव दिलं आणि त्यानंतर काही दिवसांत डॉड वारला. आम्ही गेटबाहेरून पाहिला. साधी घरासारखी इमारत.

बुधवार: ट्रेंच टाऊन

ट्रेंच टाऊनला स्वतःहून भटकू नका. लोअर फर्स्ट स्ट्रीटवरच्या 'कल्चर यार्ड'मध्ये जा, तिथलाच वाटाड्या घ्या. आमचा वाटाड्या त्याच गल्लीत वाढलेला होता. चौकोनी अंगण, तीन बाजूंनी एकेक खोली, मोरी आणि चूल सामायिक. मला गिरगावातली आजीची चाळ आठवली, फक्त मजले नाहीत. मार्ली राहायचा ती खोली म्हणजे एक पलंग टाकला की संपते. अंगणात निळ्या व्हॅनचा गंजलेला सांगाडा.

इथे जो हिग्ज पोरांना फुकट गाणं शिकवायचा, तिघांनी तीन सूर कसे धरायचे ते घोटून घ्यायचा. मार्ली आणि त्याच्याबरोबर गाणारे पीटर टॉश आणि बनी वेलर याच तालमीतले. आणि व्हिन्सेंट 'टाटा' फोर्ड, जो आपल्या चुलीवर उपाशी पोरांना जेवायला घालायचा. 'नो वूमन, नो क्राय'चा गीतकार म्हणून कागदोपत्री त्याचंच नाव आहे. ते गाणं मी कॉलेजपासून 'बाई नसेल तर रडणं नाही' अशा अर्थाने ऐकत आले होते. वाटाड्याने सुधारलं: "नाही गं बाई, रडू नको." चाळीस वर्षांचा गैरसमज एका ओळीत गेला.

दुपारी मार्कस गार्वी ड्राइव्हवरचा टफ गाँग हा मार्लीच्या कंपनीचा स्टुडिओ धावता पाहिला. पूर्वी हीच केन खूरीची फेडरल रेकॉर्ड्स. मग ऊन इतकं चढलं की डेव्हन हाऊसला जाऊन आइस्क्रीम खाल्लं, आणि दुसरं काहीही केलं नाही.

गुरुवार, सहा फेब्रुवारी

५६ होप रोड हे मार्लीचं शेवटच्या वर्षांतलं घर, १९८६पासून संग्रहालय. ३ डिसेंबर १९७६ला इथेच बंदूकधारी घुसले. गोळ्यांच्या खुणा भिंतीत तशाच ठेवल्यात. दोन दिवसांनी, दंडाला गोळी लागलेली असताना, तो ठरलेल्या मैफलीत गायला. संग्रहालय नेटकं आहे, पण टी-शर्टांचं दुकान जरा जास्तच नेटकं.

खरी मजा अंगणात होती. वाढदिवस म्हणून न्याबिंगी ढोल वाजत होते. तीन आकारांचे: मोठा बेस, मधला फुंडे, लहान रिपीटर. फुंडे न थकता ठोके धरतो, रिपीटर वर बोलत राहतो. भाऊ कडेला बसून मांडीवर वाजवत होता. एका म्हाताऱ्या ढोलकऱ्याने बघितलं, काही न बोलता फुंडे त्याच्यापुढे सरकवला. दहा मिनिटं वाजवलं त्याने. उठला तेव्हा तळवे लाल झाले होते.

याच तारखेची दुसरी गोष्ट तिथे कुणी काढली नाही. ६ फेब्रुवारी १९८९ला ड्युहेनी पार्कमध्ये, घराबाहेर, किंग टबीला गोळी घालून मारलं. टबी मूळचा ॲम्प्लिफायर आणि रेडिओ दुरुस्त करणारा. वॉटरहाउसमधल्या छोट्या खोलीत आवाजाचा मिक्सर मांडून तो दुसऱ्यांच्या गाण्यातून एकेक गोष्ट काढून घ्यायचा. आवाज काढ, गिटार काढ, फक्त बेस ठेव, मग शब्दाचा एक तुकडा सोड आणि त्याचा प्रतिध्वनी विरेपर्यंत थांब. यालाच डब म्हणतात.

रात्री शेवटचं जेवण. भावाने करी गोट आणि रोटी मागवली. १८४५मध्ये पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं, आणि १९१७पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय मजूर करारावर इथे आले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. करी त्यांची, रोटी त्यांची, आणि रास्ताफारींच्या तोंडचा 'गांजा' हा शब्दही त्यांचाच. (२०१५पासून थोडा बाळगणं फौजदारी गुन्हा नाही, पण विमानतळाकडे जाताना खिसे तपासा.) वाढणाऱ्या मावशी मला न्याहाळत म्हणाल्या, "माझी पणजी तुमच्यातली." नाव विचारलं, तर त्यांना माहीत नव्हतं.

निघताना म्हणाल्या, "वॉक गुड." नीट जा.

ठाणे, तीन आठवड्यांनी

बाबांच्या रेकॉर्डप्लेअरवर ती कोऱ्या लेबलची रेकॉर्ड ठेवली आणि दीड इंची भोक मधल्या बारीक खिळ्याभोवती गरगर फिरायला लागलं. आपल्याकडच्या छोट्या रेकॉर्डला बारीक भोक असतं, त्यामुळे घरात काहीच बसेना. शेवटी नवऱ्याने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला, मधे सुईने भोक पाडलं. किंचित बाजूला गेलं, म्हणून सूर थोडा डुलतो.

गायक कोण ते अजून कळलेलं नाही. मी मागची बाजू लावली आणि टोरंटोला फोन लावून स्पीकरपाशी धरला. तिकडे पहाटेचे साडेपाच.

"ताई, वेड लागलंय का?" भाऊ झोपेत म्हणाला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून लाकडावर बोटं वाजायला लागली, पाचव्या मात्रेवर.